यादीतून गळालेली नोंद

वैद्यकीय व्यवसायात संगणक आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी एक आश्वासन मनाशी बाळगले होते. कागद फाटतो, शाई उडते, वहीला वाळवी लागते. संगणकात एकदा लिहिलेले मात्र कायम राहते. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर या आश्वासनाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. संगणकाच्या कोठारात पोहोचलेली नोंद सहसा हरवत नाही हे खरे. परंतु आपण पडद्यावर लिहिलेले सगळे त्या कोठारापर्यंत पोहोचतेच, असे गृहीत धरता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक प्रवास असतो, आणि प्रवासात सामान गहाळ होऊ शकते.

त्यातही याद्यांचा प्रश्न अधिक बिकट असतो. बाळाचे वजन लिहायचे राहिले, तर तेथे रिकामी चौकट दिसते आणि कोणाच्या तरी ध्यानात येते. पण चार लसींच्या यादीतील एक लस वाटेत गळाली, तर मागे उरलेली तीन लसींची यादी दिसायला अगदी धडधाकट असते. गळालेल्या ओळीची रिकामी जागा मागे राहत नाही. लक्षणांविना वाढणाऱ्या व्याधीसारखा हा प्रकार आहे. शोधायला गेल्याशिवाय तो सापडत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही या विषयावर स्मरणिकेत लिहिण्याचे धाडस करतो आहे, याला कारण दोन. एक म्हणजे इंदुरातील आपल्या सभासदांपैकी बहुतेकांचे दवाखाने आता कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतात. दुसरे म्हणजे, अशी गळती शोधण्याची पद्धत आपण एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षापासून शिकत आलेल्या रोगनिदानाच्या पद्धतीहून फारशी वेगळी नाही. इतिहास घ्यावा, लक्षण पुन्हा घडवून पाहावे, विकृतीचे स्थान निश्चित करावे आणि मगच कारणाचे नाव घ्यावे.

सुटा केलेला पलंग

प्रथम थोडी शरीररचना. दवाखान्याच्या काउंटरवर जो संगणक असतो, त्याला या शास्त्रात ‘क्लायंट’ म्हणतात, म्हणजे मागणी करणारा. जेथे सर्व नोंदी साठवल्या जातात तो ‘सर्व्हर’. तो आतल्या खोलीत असेल किंवा शेकडो मैल दूर असेल. काउंटरवरची स्वागतिका पडद्यावर एक तक्ता भरते: लसीचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, तारीख. तिच्या डोळ्यांना तो ओळी आणि रकाने असलेला तक्ता दिसतो. परंतु तारेतून तक्ता जाऊ शकत नाही. तारेतून जाते ती अक्षरांची एक सलग माळ.

म्हणून पाठवण्यापूर्वी ब्राउझर त्या तक्त्याचे सुटे भाग करतो. घर बदलताना आपण सागवानी पलंग सुटा करतो, प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घालतो आणि नव्या घरी त्या क्रमांकांवरून पलंग पुन्हा जोडतो, तसेच हे. प्रत्येक चौकटीला एक चिठ्ठी लागते: ‘लस, ओळ शून्य, नाव’, ‘लस, ओळ शून्य, बॅच’, ‘लस, ओळ एक, नाव’, याप्रमाणे. (संगणकाची मोजणी एकाऐवजी शून्यापासून सुरू होते, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.) सर्व्हर या चिठ्ठ्या वाचतो, त्यांवरून तक्ता पुन्हा उभा करतो आणि मग तो कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतो.

यादीतील एखादी ओळ गळाली की “नेट मंद होते” हे उत्तर आपल्याला हमखास ऐकायला मिळते. ते बहुधा खरे नसते. वेबवरील माहिती ज्या नियमांनी वाहून नेली जाते, त्यांत प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, पोच घेतली जाते आणि न पोहोचलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. संपर्क तुटला तर सहसा संपूर्ण पाठवणीच फसते. मधली एक ओळ नेमकी वगळून बाकीच्या सुखरूप पोहोचवणे हे तुटलेल्या तारेचे काम नव्हे. अशी निवडक गळती दिसली की संशय दोन ठिकाणी घ्यावा: भाग सुटे करताना आणि ते पुन्हा जोडताना.

लक्षण

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. हे २०१८ सालचे आहे. माझ्या दवाखान्यात लसीकरणाची नोंद दोन ठिकाणी होते. लसींच्या फ्रिजशेजारी एक वही असते. तीत परिचारिका वापरलेल्या प्रत्येक मात्रेची हाताने नोंद करते. दुसरी नोंद काउंटरवर सॉफ्टवेअरमध्ये होते. त्या वर्षी एका महिनाअखेरीस दोन्हींचा ताळा घेतला, तेव्हा पेंटाव्हॅलंट जुळली, इंजेक्शनची पोलिओ लस जुळली, रोटाव्हायरसही जुळली. न्यूमोकोकल लस मात्र जुळेना. वहीनुसार ३१ मात्रा वापरल्या गेल्या होत्या, संगणकात २६ होत्या.

ही लस महाग आहे, हे आपण जाणतोच. पाच मात्रांची किंमत काही हजारांच्या घरात जाते. त्यामुळे हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी जो तर्क केला, तो व्यवहाराला धरूनच होता: फ्रिजमधून लस बाहेर जाते आहे आणि वहीत खोटी नावे लिहिली जात आहेत. परिचारिका माझ्याकडे अकरा वर्षे काम करणारी, तर स्वागतिका जेमतेम सहा महिन्यांपूर्वी आलेली. एकीवर चोरीचा आणि दुसरीवर निष्काळजीपणाचा ठपका येऊ घातला होता. स्वागतिकेचे म्हणणे एकच होते, “सर, मैंने तो हर बार पूरा लिखा था।” लिहिल्यावर पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘नोंद यशस्वी’ असा संदेशही येत असे, असे ती सांगत होती.

माणसांवरील आरोप ही निदानाची शेवटची पायरी असावी, असे मला वाटते. म्हणून वहीतील त्या पाच नावांच्या पालकांना दूरध्वनी करून लसीकरणाची कार्डे मागवली. पाचही कार्डांवर न्यूमोकोकल लसीचा बॅच क्रमांक चिकटवलेला होता आणि खाली माझी सही होती. लस बाळांना मिळालेली होती. नोंद तेवढी गायब होती.

प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या मात्रेचा स्मरणसंदेश आधीच्या मात्रेच्या नोंदीवरून तयार होतो. पहिली मात्रा नोंदलेली नसेल, तर दुसरीचा संदेश आईच्या मोबाईलवर कधीच जात नाही. शिवाय आपल्याकडची अनेक तरुण कुटुंबे नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळुरूला जातात. तेथील डॉक्टरांनी संगणकातील अहवालावर विसंबून निर्णय घेतला, तर दिलेली लस न दिलेली ठरते.

व्याधीचे स्थान

सॉफ्टवेअर तयार करून देणारा तरुण अभियंता दुसऱ्या दिवशी आला. पाच कार्डे आम्ही टेबलावर मांडली आणि त्यांत समान काय आहे ते पाहू लागलो. नोंदीच्या वेळा वेगवेगळ्या होत्या, वारही वेगवेगळे होते. एक गोष्ट मात्र पाचहींत सारखी निघाली: या सर्व बाळांना रोटाव्हायरस लस सरकारी केंद्रावर आधीच मिळाली होती.

यात काय विशेष? बाळाचे वय सहा आठवडे असे लिहिले की सॉफ्टवेअर त्या वयाच्या चार लसी आपोआप मांडते: पेंटाव्हॅलंट, इंजेक्शनची पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. यांपैकी एखादी द्यायची नसेल, तर स्वागतिका त्या ओळीसमोरील फुलीवर टिचकी मारून ती ओळ काढून टाकते. या पाच नोंदींत तिसरी ओळ काढलेली होती, आणि हरवलेली लस चौथ्या ओळीवर होती.

मग आम्ही एक काल्पनिक बाळ निर्माण केले आणि लक्षण मुद्दाम घडवून पाहिले. चारही ओळी ठेवल्या: चारही साठल्या. शेवटची ओळ काढली: उरलेल्या तीन नीट साठल्या. तिसरी काढली: तीन साठायला हव्या होत्या, साठल्या दोन. दुसरी काढली: साठली फक्त एक. पहिलीच ओळ काढली, तेव्हा काहीच साठले नाही. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर तोच हिरवा संदेश होता, ‘नोंद यशस्वी’.

एवढ्यावरून नियम हाती आला: जी ओळ काढली जाते, तिच्या खालचे सर्व गळते. पण गळते कोठे? मज्जासंस्थेच्या रुग्णात आपण विचारतो, विकृती मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत की स्नायूत? येथेही मार्गावरील प्रत्येक थांब्यावर ओळी मोजायच्या होत्या. थांबे पाच: पडद्यावर किती ओळी दिसतात, ब्राउझरने प्रत्यक्षात किती पाठवल्या, सर्व्हरच्या दारात किती आल्या, सर्व्हरने जोडलेल्या यादीत किती उतरल्या आणि कोठारात किती ठेवल्या गेल्या.

दुसऱ्या थांब्याची मोजणी करायला वेगळे यंत्र लागत नाही. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की एक खिडकी उघडते. तिच्यातील ‘नेटवर्क’ या भागात पाठवलेली अक्षरमाळ जशीच्या तशी वाचता येते. तेथे तीनही ओळी होत्या. सर्व्हरच्या रोजनिशीतही, म्हणजे ‘लॉग’मध्ये, तीनच्या तीन आल्या होत्या. जोडलेल्या यादीत मात्र दोनच उतरल्या होत्या. विकृतीचे स्थान सापडले. माल दारापर्यंत पूर्ण आला होता. पलंग जोडणाऱ्याने एक फळी बाजूला टाकली होती.

कारण

बाजूला का टाकली? ब्राउझरने पाठवलेल्या चिठ्ठ्या आम्ही वाचल्या. त्यांवरील क्रमांक होते शून्य, एक आणि तीन. स्वागतिकेने तिसरी ओळ काढली, तेव्हा ‘दोन’ हा क्रमांक तिच्याबरोबर गेला. खालच्या ओळीने आपला जुना क्रमांक ‘तीन’ तसाच ठेवला.

जोडणी करणारा सर्व्हर असे वाचतो: शून्य आहे का? आहे. एक आहे का? आहे. दोन आहे का? नाही, म्हणजे यादी संपली. पुढे तीन क्रमांकाची ओळ हजर आहे, हे तो पाहतच नाही. यादी किती लांब आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे पहिला खंड हाच त्याच्या लेखी शेवट. वेबप्रणाली उभारण्याच्या काही प्रचलित चौकटींमध्ये हा नियम हेतुपुरस्सर ठेवलेला आहे आणि त्यांच्या माहितीपुस्तिकांत तो लिहिलेलाही असतो. क्रमांक सलग असतील या भरवशावर सर्व्हर वागत होता. क्रमांक सलग ठेवण्याची जबाबदारी पडद्याने घेतली नव्हती. दोन्ही बाजू आपापल्या जागी निर्दोष, आणि दोष त्यांच्यामधील करारात.

पहिली ओळ काढल्यावर काहीच का साठले नाही, याचाही उलगडा यातच होतो. शून्य क्रमांकच नाही, तर सर्व्हरच्या मते यादी रिकामी. प्रयोगातील पाचही निष्कर्ष एकाच कारणाने स्पष्ट झाले, तेव्हा निदानाबद्दल शंका उरली नाही. हिशेबाच्या कागदावर आम्ही तसा शेरा लिहिला. ज्या दोघींकडे संशयाने पाहिले जात होते, त्यांना सर्वांसमोर तो वाचून दाखवला.

त्याहून गंभीर गोष्ट

अभियंत्याला मी विचारले, “हीच रचना आणखी कोठे वापरली आहेस?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, ॲलर्जीच्या यादीतही.”

लसीची नोंद कार्डावरून पुन्हा करता येते. ॲलर्जीची गोष्ट वेगळी. जुन्या कागदी कार्डांशी ताडून पाहताना एका मुलाची नोंद सापडली. कागदावर दोन ॲलर्जी होत्या: अंडे आणि पेनिसिलिन. मूल मोठे झाले, अंडे पचू लागले. लहानपणीची अंड्याची ॲलर्जी पुष्कळदा अशी ओसरते. त्यानुसार अंड्याची ओळ काढण्यात आली होती. ती पहिली ओळ होती. तिच्याबरोबर पेनिसिलिनही गेले, आणि संगणकात त्या मुलासमोर ‘ॲलर्जी: नाही’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. कागदी कार्डावर लाल शाईची खूण असल्यामुळे अनर्थ घडला नाही.

येथे आणखी एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतील भेद वैद्यकात जीवनमरणाचा असतो. रुग्णाला मधुमेह नाही आणि रुग्णाची साखर तपासलेली नाही, ही दोन विधाने आपण कधीच एक मानत नाही. रिकामी यादी आली की ‘ॲलर्जी नाही’ असे छापणारे सॉफ्टवेअर हा भेद पुसून टाकते. ‘ॲलर्जी नाही’ ही स्वतंत्रपणे, विचारून नोंदवायची गोष्ट असली पाहिजे. रिकामेपणावरून काढलेला तो निष्कर्ष नसावा.

उपचार

तातडीचा उपचार सोपा होता. पाठवण्यापूर्वी उरलेल्या ओळींना शून्यापासून नव्याने सलग क्रमांक द्यायचे. दुसरा मार्ग असा, की ओळींबरोबर क्रमांकांचा हजेरीपटही पाठवायचा: ‘शून्य, एक आणि तीन येत आहेत’. तिसरा मार्ग म्हणजे सुट्या चिठ्ठ्यांची पद्धत सोडून यादी जेसन नावाच्या मांडणीत अखंड पाठवणे. तीत एकापुढे एक ठेवलेल्या वस्तू हीच यादी असते, वेगळ्या क्रमांकांची गरज पडत नाही. आमच्याकडे पहिला उपाय त्याच दिवशी झाला, तिसरा नंतर यथावकाश.

पण क्रमांक दुरुस्त करणे हा या एका कारणावरचा उपचार झाला. उद्या दुसऱ्या कारणाने ओळ गळाली, तर ती कशी कळणार? याचे उत्तर आपल्या शस्त्रक्रियागृहात आहे. पोट शिवण्यापूर्वी परिचारिका मॉप, गॉज आणि सुया मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी यादीतही या मोजणीला स्थान आहे. मॉप आत राहण्याचे कारण काय असेल, याची चर्चा ती मोजणी करत नाही. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा जुळला नाही, तर शिवायचे नाही, एवढेच ती सांगते.

हेच तत्त्व आम्ही संगणकाला लावले. पडदा आता यादीबरोबर ‘एकूण ओळी तीन’ असा आकडा पाठवतो. सर्व्हर यादी जोडून झाल्यावर मोजतो. आकडा जुळला नाही, तर तो काहीच साठवत नाही आणि लाल अक्षरांत तसे कळवतो. अर्धवट साठवण्यापेक्षा संपूर्ण नाकारणे बरे, कारण नाकारलेले काम माणूस पुन्हा करतो. अर्धवट काम पूर्ण झाले असे समजून तो पुढच्या रुग्णाकडे वळतो. साठवून झाल्यावर कोठारातून पुन्हा वाचून ‘तीन लसी नोंदल्या’ असा संदेश पडद्यावर येतो. जुन्या ‘नोंद यशस्वी’ या शब्दांचा अर्थ इतकाच होता, की सर्व्हरला काहीतरी मिळाले आणि तो कोसळला नाही.

याच कुळातील इतर व्याधी

वरील कारण अनेकांपैकी एक आहे. दवाखान्यांना लागू पडणारी आणखी काही कारणे थोडक्यात सांगतो.

बरोबरच्या खुणेची चौकट रिकामी ठेवली, तर ब्राउझर ‘नाही’ असे पाठवत नाही. त्या चौकटीबद्दल तो काहीच पाठवत नाही. पाच लसींची नावे एका माळेत आणि ‘दिली’ या खुणा दुसऱ्या माळेत पाठवल्या, तर नावे पाच येतात आणि खुणा तीनच. सर्व्हरने त्या क्रमाने जुळवल्या, तर पहिल्या तीन लसी दिल्या असे ठरते, मग प्रत्यक्षात पहिली, तिसरी आणि पाचवी का दिलेली असेना. ही गळतीपेक्षाही वाईट अवस्था, कारण येथे नोंद चुकीच्या जागी जाऊन बसते.

काही ठिकाणी संख्येची मर्यादा आड येते. पीएचपी या प्रचलित प्रणालीत २०१२ सालापासून एका अर्जात स्वीकारायच्या चौकटींची कमाल संख्या ठरवलेली असते आणि ती मुळात १,००० असते. शाळेतील आरोग्य शिबिरात १२० मुलांची माहिती प्रत्येकी दहा रकान्यांत एकाच पानावर भरली, तर चौकटी होतात १,२००. मर्यादा वाढवून घेतलेली नसेल, तर शेवटच्या सुमारे वीस मुलांची माहिती स्वीकारलीच जात नाही. सूचना सर्व्हरच्या रोजनिशीत लिहिली जाते. शिबिरात बसलेल्या डॉक्टरांना ती दिसत नाही.

जुळ्या बाळांची गंमत तर बालरोगतज्ज्ञांनाच कळेल. काही सॉफ्टवेअर रुग्णाची ओळख आईचा मोबाईल क्रमांक आणि बाळाची जन्मतारीख यांवरून ठरवतात. जुळ्यांत दोन्ही एकच. नाव ठेवलेले नसते, त्यामुळे दोघांसमोर आईचेच नाव. मग एकाच खुंटीवर दोन सदरे टांगावेत तसे होते: दुसरे बाळ नोंदले की पहिले पुसले जाते आणि यादीतून एक मूल नाहीसे होते.

एकाच रुग्णाचे पान दोघांनी एकाच वेळी उघडणे हेही नेहमीचे कारण. परिचारिकेने नवी ओळ भरून साठवली. काउंटरवर मात्र जुनी यादी उघडी होती, तिथून दुसरीच किरकोळ दुरुस्ती करून तीही साठवली गेली. जुन्या यादीने नवी यादी झाकून टाकली. याच्या उलट, उत्तर यायला उशीर झाला म्हणून ‘साठवा’ हे बटन दोनदा दाबले, तर एकच मात्रा दोनदा नोंदली जाते. प्रत्येक पाठवणीला एकमेव क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर दुर्लक्ष करणे हा त्यावरील रूढ उपाय आहे.

इंग्लंडमधील १५,८४१

हे सारे छोट्या दवाखान्यांतले प्रकार आहेत, असे कोणास वाटेल. म्हणून इंग्लंडचे उदाहरण द्यावेसे वाटते. २०२० च्या शरद ऋतूत तेथे कोविडची दुसरी लाट वाढत होती. प्रयोगशाळांचे निकाल फायलींच्या रूपाने तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे येत, एक्सेलच्या तक्त्यांत भरले जात आणि तेथून पुढे जात. वापरलेला तक्ता एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस या स्वरूपाचा होता. त्यात जास्तीत जास्त ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासून आलेल्या नव्या स्वरूपात १०,४८,५७६. एकेका रुग्णाची माहिती अनेक ओळी घेत असल्याने एका तक्त्यात सुमारे १,४०० रुग्णच बसत. तक्ता भरला, की उरलेल्या ओळी गळून पडत.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद अशा रीतीने दैनंदिन आकडेवारीतून निसटली. २ ऑक्टोबरच्या रात्री हा प्रकार ध्यानात आला. त्या रुग्णांना स्वतःचे निकाल मिळाले होते. परंतु त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेणाऱ्या पथकांकडे त्यांची नावे वेळेवर गेली नाहीत. टिमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी केलेल्या अभ्यासात, या विलंबाशी सव्वा लाखाहून अधिक जादा संसर्ग आणि दीड हजाराहून अधिक मृत्यू निगडित असल्याचा अंदाज मांडला. फायली लहान तुकड्यांत विभागून पाठवण्याचा तातडीचा उपाय करण्यात आला. आलेल्या ओळी आणि पुढे गेलेल्या ओळी यांची रोज मोजणी झाली असती, तर पहिल्याच दिवशी तफावत दिसली असती.

आपण काय करावे

भारतातही लसीकरणाच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर संगणकावर गेल्या आहेत. कोविड लसीकरणासाठी जानेवारी २०२१ मध्ये को-विन आले आणि त्याच धर्तीवर बालकांच्या नियमित लसीकरणासाठी यू-विनचे प्रायोगिक काम २०२३ मध्ये सुरू झाले. संगणकापासून दूर राहण्याचा सल्ला देणे मला इष्ट वाटत नाही. त्याची तपासणी मात्र आपल्या आवाक्यातील आहे. त्यासाठी काही सूचना.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक काल्पनिक रुग्ण तयार करावा. प्रत्येक यादीत, मग ती लसींची असो, औषधांची, ॲलर्जींची किंवा तपासण्यांची, चार ओळी भराव्यात. मग अनुक्रमे पहिली, मधली आणि शेवटची ओळ काढून साठवावे आणि पान बंद करून पुन्हा उघडून मोजावे. एवढ्याला अर्धा तास पुरतो. हा प्रयोग खऱ्या रुग्णाच्या नावावर करू नये.

संगणकापासून स्वतंत्र अशी एक तरी नोंद ठेवावी आणि महिन्यातून एकदा दोन्हींचा ताळा घ्यावा. फ्रिजशेजारची वही जुनाट वाटेल, पण तिची चूक आणि संगणकाची चूक एकाच कारणाने होत नाही, हेच तिचे मोल. पालकांच्या हातातील कार्ड पूर्ण भरून, बॅच क्रमांकासह द्यावे.

दोष आढळला तर “सॉफ्टवेअर बिघडले” एवढेच कळवू नये. “पोट दुखते” म्हणणाऱ्या रुग्णाला आपण जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे अभियंत्याला आधीच द्यावीत: काय भरले, किती ओळी होत्या, कोणती काढली, साठवल्यावर किती राहिल्या, पुन्हा केल्यास पुन्हा तसेच होते का. पडद्याचे छायाचित्र पाठवताना मुलांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक झाकावेत. एका यादीतील दोष दुरुस्त झाला, की तीच रचना आणखी कोठे वापरली आहे, हे विचारल्याशिवाय अभियंत्याला जाऊ देऊ नये.

आणि आकडे जुळले नाहीत, तर आधी ओळी मोजाव्यात. माणसांची झडती नंतर. काउंटरवर आणि फ्रिजपाशी काम करणाऱ्यांचा पगार तुटपुंजा असतो आणि संशय त्यांच्याकडे सहज वळतो. त्यांनी लिहिलेली नोंद कोठारापर्यंत पोहोचली की नाही, हे तपासण्याची सोय दवाखान्याच्या मालकाकडेच असते. सभासदांनी येत्या पंधरवड्यात आपापल्या दवाखान्यात तो काल्पनिक रुग्ण एकदा तरी तपासावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.